पणजोबा, पाणी आणि चार शुभवर्तमानं

आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर गुरुजी राहायला आले, तेव्हा मी त्यांना ज्ञान द्यायचं ठरवलं. त्यांनी मागितलं नव्हतं. पण मी इतिहासाचा मास्तर. पिरंगुटच्या बाजूला एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला शिकवतो, आणि माण गावात, जिथं आमचं भाताचं खाचर होतं तिथं, आता आमच्या भाड्याच्या खोल्यांचे चार मजले उभे आहेत. शिक्षक आणि घरमालक एकाच माणसात आले की त्याला समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय राहत नाही.

गुरुजी नगर जिल्ह्यातले. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेले. घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. बायको वारली तशी मुलीनं त्यांना इकडे आणलं. ती आयटी पार्कात कामाला, सकाळी जायची ती दिवे लागल्यावर यायची. गुरुजी संध्याकाळी खाली उतरायचे, गेटजवळच्या सिमेंटच्या बाकावर बसायचे आणि खाकी कव्हर घातलेलं जाडजूड पुस्तक उघडायचे. कव्हर असं घातलेलं, जसं पाचवीतल्या हुशार मुलीच्या भूगोलाला असतं.

मी तेव्हा मोबाईलवर लागोपाठ तीन व्हिडिओ पाहिले होते. विषय होता, येशूच्या चरित्राची चार शुभवर्तमानं इतिहास म्हणून किती खरी. तीन व्हिडिओंनंतर माणसाला जो आत्मविश्वास येतो, तो तीस पुस्तकांनंतर येत नाही.

"गुरुजी, एक विचारू? राग मानू नका."

"राग यायचं वय गेलं, सर. विचारा."

मी तोफ डागली. "येशू गेल्यावर किमान पस्तीस-चाळीस वर्षांनी पहिलं शुभवर्तमान लिहिलं गेलं. शेवटचं तर साठ-सत्तर वर्षांनी. लिहिणाऱ्यांनी स्वतःची नावंसुद्धा आत घातली नाहीत, ती मागाहून चिकटवली. येशू बोलायचा एक भाषा, पुस्तकं लिहिली दुसरीत. समकालीन कागद एक नाही. बरं, चौघांच्या चार तऱ्हा. थडग्यापाशी बायका किती गेल्या होत्या यावरही एकमत नाही. मग विश्वास ठेवायचा कसा?"

गुरुजींनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला.

"बायकांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "एका पुस्तकात एक आहे, एकात दोन, एकात तीन. पण तुम्ही जन्माचं सोडलंत. ग्रंथात पहिला येतो तो सांगतो, एक जुलमी राजा गादीवर असताना जन्म झाला. तिसरा सांगतो, रोमन लोकांनी शिरगणती केली तेव्हा झाला. या दोन गोष्टींत दहा-एक वर्षांचं अंतर पडतं. वंशावळीही जुळत नाहीत. आजोबांचंच नाव वेगळं. आणि ज्या शिष्यानं दगा दिला, त्याचं मरण दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं दिलंय. तेही लिहून घ्या."

मी लढायला आलो होतो, आणि समोरचा माझ्याच भात्यात बाण भरत होता. फार अपमान वाटला.

"मग तुम्ही मानता कसं?"

"मानणं वेगळं. तुम्ही इतिहासाचं विचारलंत. इतिहासात सगळं पुस्तक एकदम खरं किंवा एकदम खोटं असं नसतं ना? एकेक वाक्य घेऊन, हे कुणी सांगितलं, का सांगितलं, असं बघावं लागतं. तुम्ही शिकवतच असाल."

मी शिकवतो. 'साधनांची चिकित्सा' असा एक पाठ आहे. परीक्षेत त्यावर दोनच गुणांचा प्रश्न येतो, म्हणून मी तो एका तासात उरकतो.

त्यानंतर महिनाभर मी रोज संध्याकाळी बाकावर जाऊन त्यांना समकालीन पुरावा मागत होतो. ते शांतपणे म्हणायचे, "नाही हो सर, समकालीन नाही," आणि मी जिंकल्यासारखा जिना चढायचो.

मग एका रविवारी माझा चुलतभाऊ भावकीतली चार माणसं घेऊन आला. हा माझ्यापेक्षा मोठा, म्हणून दादा. दादा यंदा निवडणुकीला उभं राहायच्या विचारात होता, आणि उभं राहायचं तर मागे कुणीतरी पूर्वज लागतो. आमचा पूर्वज तयार होता. पणजोबा. आमचं मूळ गाव मुळशीच्या धरणात गेलं. शंभर वर्षांपूर्वी धरणाचं खोदकाम सुरू झालं तेव्हा खोऱ्यातली माणसं कामावर जाऊन आडवी बसली, त्यात आमचे पणजोबा होते. पुढे गाव बुडालं आणि ते सासुरवाडीच्या आधारानं माणला आले. दादाचा बेत असा, की मुळशीला धरणाच्या काठी, आमच्या एका काकांच्या रिसॉर्टपाशी, पणजोबांची कमान उभारायची आणि काळ्या दगडात फलक लावायचा.

"मास्तर, फलकावरचा मजकूर तू लिवायचा," दादा म्हणाला. "हिष्ट्रीचा मानूस घरातच हाय, बाहेरनं कशाला आणायचा?"

"लिहितो की. पण नेमकं काय झालं होतं?"

"आता तुला ठावं न्हाई व्हय? आबा पाण्यात हुबं ऱ्हायलं. पाणी चडत आलं तरी हाललं न्हाईत. पोलिसांनी वढून काडलं, मंग वरीसभर येरवड्याला."

"त्याला पुरावा काय?"

"घरातल्या गोष्टीला पुरावा मागतुयास? लाज वाटती का जरा?"

मला वाटली. मी मान डोलावली. मग दादानं मोबाईलवर पणजोबांचा फोटो दाखवला. फोटो कधी काढलेलाच नव्हता, म्हणून दादाच्या मुलानं तो ॲपकडून करून घेतला होता. भरदार मिशा, लाल फेटा, मागे ढग, आणि हातात तलवार.

"दादा, शेतकरी माणूस. तलवार कुठनं आली?"

"ॲपनंच दिली. राहू दे, चांगली दिसती."

मी फोटो मोठा करून पाहिला. तलवार धरलेल्या हाताला सहा बोटं होती. मी ती सगळ्यांना मोजून दाखवली. मग बरोबर आलेले एक वयस्कर चुलते गंभीरपणे म्हणाले, "व्हय. आबांच्या हाताला सा बोटं हुतीच. माझा बा सांगायचा."

बाकीच्या तिघांनी माना हलवल्या. एकाला लगेच आठवलं, की आपल्या भावकीत कुणाच्या तरी मुलीलाही सहावं बोट होतं, ते डॉक्टरांनी काढलं.

गुरुजी पलीकडे बाकावर होते. मंडळी गेल्यावर त्यांनी विचारलं, "सर, पाण्यात उभं राहिल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वडिलांनी."

"त्यांना?"

"त्यांच्या वडिलांनी."

"आणि याला वर्षं किती झाली म्हणालात?"

"शंभरेक."

"बरं," म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं. एवढंच. पण त्या रात्री माझं जेवणात लक्ष लागलं नाही.

पुढच्या रविवारी मी माहिती गोळा करायला निघालो, तर गुरुजी खाली उभेच. "मी आलो तर चालेल का? धरण पाहिलं नाही अजून." मी त्यांना गाडीत घेतलं. खरं तर एक साक्षीदार बरोबर असावा असं मला वाटलं होतं. तो साक्षीदार कुणाच्या बाजूनं, हा विचार केला नाही.

उरवड्याला एक चुलते राहतात. जमिनीवर शेड बांधून कारखान्याला दिलीय. ते शेडच्या आवाजात ओरडून बोलले. त्यांच्या सांगण्यात पणजोबा कमरेइतक्या पाण्यात होते, आणि बाहेर काढल्यावर त्यांनी गोऱ्या साहेबाच्या थोबाडीत मारली होती. माझ्या वडिलांच्या गोष्टीत साहेब नव्हता, आणि पाणी घोट्याइतकं होतं. गुरुजींनी नम्रपणे विचारलं, "तुम्हाला हे कुणी सांगितलं?" चुलते म्हणाले, "कुनी म्हंजी? समद्यांला ठावं हाय."

तिथून मुळशीला, काकांच्या रिसॉर्टवर. काका पूर्वी भात लावायचे, आता शनिवार-रविवारी पुण्याहून येणाऱ्यांना मिसळ आणि कयाकिंग देतात. स्वागतकक्षात तो तलवारीचा फोटो भिंतभर लावून झाला होता. पाहुण्यांना सांगून सांगून काकांची गोष्ट चांगलीच मुरली होती.

"पानी छातीला आलं," काका म्हणाले, "आबांनी हात जोडलं, कुलदेवाचं नाव घेतलं, आन् पानी थितंच थांबलं. तीन दिस. गोरं सायेब टोप्या काढून हुबं ऱ्हायलं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" गुरुजी म्हणाले.

"परवाच एका पाव्हण्यानं डोळ्यात पानी आणून ऐकलं," काका म्हणाले. हे उत्तर नव्हतं, पण पुरावा म्हणून त्यांनी दिलं होतं.

गाडीत बसल्यावर मी हिशेब मांडला. आमच्या घरी घोटा, उरवड्यात कंबर, रिसॉर्टवर छाती. घरापासून जितकं लांब जावं तितकं पाणी चढत होतं. मी गुरुजींकडे पाहिलं नाही. त्यांनीही काही म्हटलं नाही. सभ्य माणसाचं हे फार वाईट असतं.

शेवटी आत्याकडे गेलो. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण, पंचाऐंशीची. मुळशीच्या पुढे धरणाच्या काठावर एका वाडीत राहते. भावकीत तिला कुणी विचारत नाही, कारण ती दिलेली मुलगी, आणि शिवाय खरं बोलते. आम्ही गेलो तेव्हा ती ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत होती.

"ह्ये कोन?" तिनं गुरुजींकडे बोट केलं.

"आमच्याकडे राहायला आहेत. गुरुजी आहेत."

"बसा गुरजी. च्या घेता का?"

मी विषय काढला. पणजोबा, पाणी, छाती. आत्याचं सूप थांबलं.

"पानी? तवा पानी कुटं हुतं रं? नुसतं खणत हुती तितं. भित बांदल्याबिगर पानी साचतंय व्हय? मास्तर न्हवं तू?"

वीस वर्षं इतिहास शिकवतो मी. धरण बांधायच्या आधी धरणात पाणी नसतं, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

"मग काय झालं होतं?"

"काय हुनार? पोलीस आलं तसा आज्जा पळाला. पेंड्याच्या उडवीत शिरला. फौजदारानं पाय धरून भायेर वडला. इचारलं, त्या बसलेल्या लोकातला का तू? तर म्हनला, न्हाई सायेब, माजा बैल सुटलाय, त्यो हुडकाया आलोय."

मी वहीत लिहायचं थांबलो.

"आजी तवा पोटुशी हुती," आत्या म्हणाली. "तिनं ऐकलं त्ये. बोलली काय न्हाई. दुसऱ्या दिशी सकाळी भाकरी बांदून घेतली आन् जाऊन त्याच्या जाग्यावर बसली. आनिक चार-पाच बाया हुत्या. समद्यांला पौडच्या चौकीत न्हेलं. मंग ह्याला लाज वाटली, मंग ह्यो गेला. त्याला बी धरला. आठ दिस बसवून सोडून दिला. येरवडा कुटला आन् काय."

"आई," गुरुजी पुढे सरकून म्हणाले, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यानंच की. म्हातारपनी सांगायचा आन् रडायचा. आजी गेल्यावर. म्हनायचा, म्या बैलाचं नाव सांगितलं आन् ही जाऊन बसली."

"आणि बोटं?" मी विचारलं. "हाताला किती बोटं होती त्यांच्या?"

"पाच. त्याच हातानं मारायचा आमाला."

परतताना धरणाच्या भिंतीच्या अलीकडे गुरुजींनी गाडी थांबवायला सांगितली. आम्ही कठड्याला टेकून उभे राहिलो. खाली पाणी स्वच्छ, सपाट. त्याच्याखाली आमचं गाव. पलीकडे पर्यटक कणसं खात होते.

"तुमचे पणजोबा तिथं होते, हे मला आज पटलं," गुरुजी म्हणाले.

"पळाले ते ऐकून?"

"त्याच्यामुळंच. छातीपर्यंतचं पाणी कुणीही रचेल. पेंढ्याची उडवी कोण रचेल? आणि कुणासाठी? तुमच्या आत्यांना त्यात काय मिळणार होतं? उलट त्यांच्याच आज्याची अब्रू जाते. आमच्यातही असाच एक आहे. शिष्यांत पहिला. येशूला धरून नेलं तेव्हा आवारात शेकोटीपाशी बसला होता. एका मोलकरणीनं विचारलं, तू त्याच्याबरोबरचाच ना? तर म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. तीनदा म्हणाला. पुढे तोच सगळ्यांचा पुढारी झाला. एवढा मोठा झालेला माणूस, आणि चारही पुस्तकांत त्याची ही गोष्ट ठेवली आहे. घडली नसती तर लिहिली असती का?"

"आणि बायका?"

"तेच. त्या काळात बाईची साक्ष न्यायात फारशी धरत नसत. खोटं रचायचं असतं तर दोन प्रतिष्ठित म्हातारे थडग्यापाशी उभे केले असते. थडगं रिकामं दिसल्याची गोष्ट चौघंही बायकांपासून सुरू करतात. नाइलाजानं करतात असं वाटतं. किती बायका ते विसरले, पण बायका होत्या हे विसरता येईना."

मी पुन्हा सावरलो. हरणं मला जमत नाही. "मग थडग्यापाशी झालेला भूकंप? देवदूत? तेही आत्यानं सांगितल्यासारखं खरं?"

गुरुजी मनापासून हसले. "तिथं तुमच्या काकांचं पाणी आहे, सर. सगळ्यात जुन्या पुस्तकात पांढऱ्या झग्यातला एक जण बसलेला आहे, बस्स. आणि त्याच्या जुन्यातल्या जुन्या प्रती तर बायका घाबरून पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, इथंच संपतात. पुढचा शेवट कुणीतरी मागाहून जोडलाय. नंतरच्या एका पुस्तकात भूकंप होतो. आणखी एकात त्या एकाचे दोन होतात. पाणी चढत गेलेलं मलाही दिसतं. आंधळा नाही मी."

"आणि तरी तुम्ही मानता."

"माणूस होऊन गेला, शिकवायचा, रोमन सुभेदारानं त्याला क्रुसावर चढवला, इथपर्यंत इतिहास आहे. बाहेरच्या, त्याच्याशी देणंघेणं नसलेल्या लोकांनीही ओझरतं लिहिलंय. त्याची माणसं पळाली, तेही खरं. मग ती पळालेली माणसं परत आली आणि त्याच्यासाठी मरायला तयार झाली. का आली, त्याचं एक कारण ती सांगतात. ते मला सिद्ध करता येत नाही. मी ते मानतो. तुम्ही नका मानू. आपण एकाच बाकावर बसू शकतो."

मला त्यांचं पटलं असं नाही. भित्रे लोक परत येतात याला शंभर कारणं असतात, आणि मेलेला माणूस उठला हे त्यातलं एक म्हणून मी धरू शकत नाही. अजूनही धरत नाही. पण तीन व्हिडिओंच्या जोरावर मी जे 'सगळं थोतांड' म्हणत होतो, ते शब्द कठड्यावर उभं राहून मला पुन्हा म्हणवेनात.

दोन आठवड्यांनी मी एकटाच आत्याकडे गेलो. सगळं तिच्याच शब्दांत उतरवायचं होतं. या वेळी तिनं सांगितलं, की आज्जा उडवीत नव्हे, कणगीत लपला होता, आणि त्यानं एक नव्हे, दोन बैल सुटल्याचं सांगितलं होतं.

"आत्या, मागच्या वेळी बैल एक होता. आणि पेंढा होता."

"मंग आसल येक. येक काय न् दोन काय. बैल दावनीलाच हुतं, त्ये ध्यानात घे."

संध्याकाळी मी हे गुरुजींना थोड्या खुशीतच सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आई खोटं सांगतात?"

"नाही. तसं मुळीच नाही."

"बरं," म्हणाले. त्यांच्या त्या 'बरं'ची मला आता धास्ती वाटायला लागली होती.

मी मजकूर लिहिला. सरळ लिहिला. पणजोबा पहिल्या दिवशी भ्याले, खोटं बोलून सुटले. पणजी गरोदर असताना त्यांच्या जागेवर जाऊन बसली. मग पणजोबाही गेले आणि आठ दिवस अटकेत राहिले. भावकीची बैठक काकांच्या रिसॉर्टवर होती. मी उभं राहून वाचलं. शेवटाला येईपर्यंत मिसळीच्या वाटीतला रस्सासुद्धा निवला होता.

"ह्ये कुनी सांगितलं?" दादा म्हणाला.

"आत्यानं."

"म्हातारीला भ्रम झालाय."

"तिला स्वतः पणजोबांनी सांगितलंय. आपल्यापैकी कुणाला सांगितलंय?"

"मास्तर," दादा शांतपणे म्हणाला, "कमानीवर काय लिवू? आबा उडवीत लपले? खाली माझं नाव? लोक मला मत देतील का पेंढा?"

"दादा, हे असं लिहिलं तरच बाकीचं खरं वाटेल."

"बाकीचं खरं वाटंलच. दगडात कोरलंय म्हनल्यावर कोन शंका घेतंय?"

दादाचं हे म्हणणं अनुभवानं सिद्ध झालेलं आहे. पणजीचा विषय काकांनी मिटवला. "आजींचं बी टाका की खाली. 'त्यांना पत्नीची मोलाची साथ लाभली.'" सगळ्यांना ते फार प्रागतिक वाटलं.

उद्घाटनाच्या दिवशी मंडप, ढोल-ताशा, फ्लेक्स, सगळं होतं. पडदा सरकला. छातीइतकं पाणी, तीन दिवस, येरवडा, सगळं सोनेरी अक्षरांत. वर सहा बोटांसह पणजोबा. आणि सगळ्यात खाली एक ओळ, जिच्याबद्दल मला कुणी बोललं नव्हतं. 'संशोधन व लेखन', आणि पुढे माझं नाव. आडनावासकट. नावाआधी 'प्रा.' लावलेलं.

प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, की या भूमीत निसर्गही शूरांपुढे थांबतो. पुढच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर आत्या बसली होती. तिला एका कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे तिचा आवाज नेहमी मंडपभर जातो.

"पानी थांबलं म्हनं?" ती शेजारणीला म्हणाली. "मंग आपलं गाव बुडवलं कुनी?"

थोडे लोक हसले. ढोलवाल्यांना खूण झाली आणि ढोल वाजला.

मग माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. पाहुण्यांनी माझा हात हातात घेऊन विचारलं, "हे सगळं तुम्हीच शोधून काढलंत, सर?"

समोर कॅमेरा होता. दादा बघत होता. भावकी बघत होती. आत्याही बघत होती.

"हो," मी म्हणालो. "बरीच वर्षं लागली."

मला कुणी पाय धरून ओढलेलं नव्हतं. फौजदारही नव्हता. नुसती शाल होती, तीही मंडईतली.

घरी येऊन मी शाल कपाटाच्या वर टाकली. दोन दिवस खाली बाकाकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, गुरुजी काहीतरी चपखल बोलतील. ते नुसते बाजूला सरकले आणि मला बसायला जागा केली. मग म्हणाले, "आता शंभर वर्षांनी कुणीतरी तुमचा दाखला देईल. प्राध्यापकानं लिहिलंय म्हणून."

"तेच खातंय मला."

"मग खरं लिहून ठेवा की कुठंतरी. शेजारी दोन मजकूर असू देत. वाचणारा ठरवेल."

म्हणून मी चार पानं लिहिली. आत्या काय म्हणाली, कधी म्हणाली, पहिल्यांदा काय आणि दुसऱ्यांदा काय. पेंढाही ठेवला, कणगीही ठेवली. बैल एक की दोन, तेही तसंच सोडलं. मंडपात मी काय म्हणालो तेही शेवटी घातलं. ते लिहायला बाकीच्या पानांपेक्षा जास्त वेळ लागला. मग भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवून दिलं.

पहिल्या मिनिटाला अंगठे आले. चार पानं मिनिटात वाचून होत नाहीत, पण आमची भावकी आदरानं अंगठा देते. मग कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकलं, कुणी कमानीपुढे काढलेली सेल्फी टाकली. दादानं फोन केला. "मास्तर, इलेक्शन हून जाऊ दे, मंग काय लिवायचं त्ये लिव," एवढंच म्हणाला, आणि आवाजात राग नव्हता. मला वाटतं, त्यानं वाचलं होतं.

वाचल्याचा पुरावा एकाच व्यक्तीनं दिला. दादाचीच थोरली मुलगी. ती बंगळूरला नोकरी करते. तिनं ग्रुपवर विचारलं, "काका, पणजीचं नाव काय होतं?"

तिला मी तिच्या वडिलांच्या पणजीचं नाव सांगायला मोबाईल हातात घेतला, आणि बोट तसंच राहिलं. मला माहीत नव्हतं. उरवड्याच्या चुलत्यांना फोन केला, त्यांना माहीत नव्हतं. काकांना नव्हतं. आत्याला विचारलं.

"आमी आजीच म्हनायचो," ती म्हणाली. "आज्जा 'अगं' म्हनायचा. नाव कुनी घेतलंच न्हाई रं."

आता सुट्टी मिळाली की पणजीचं नाव शोधायला मी जुनी कागदपत्रं ठेवतात त्या कचेरीत जातो. तिथले कारकून भले आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी अर्ज पुढे केला. मूळ गाव या रकान्यात मी गावाचं नाव लिहिलं.

"हे गाव कुठं येतं?" त्यांनी विचारलं.

"पाण्यात."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग रॅककडे पाहिलं, आणि म्हणाले, "मग रजिस्टर मोडी लिपीत असणार. वाचता येतं का तुम्हाला?"

येत नाही. गुरुजींनाही येत नाही, पण नगरला त्यांच्या ओळखीचे एक म्हातारे आहेत, त्यांना येतं. पुढच्या महिन्यात ते म्हातारे पुण्यात त्यांच्या मुलीकडे येणार आहेत, तेव्हा रजिस्टर वाचायला कचेरीत यायला तयार आहेत.